सरळ कडेची अमेरिकन तिकिटं: मिश्र गठ्ठ्यापासून प्रमाणपत्रापर्यंत

जानेवारी २०२४ मध्ये हे काम हाती घेतलं आणि नोव्हेंबरात संपवलं. उद्दिष्ट छोटं होतं: १९०२ ते १९२२ या काळातल्या अमेरिकेच्या नेहमीच्या वापराच्या तिकिटांपैकी, एक किंवा दोन बाजूंना दाते नसलेली आणि शिक्का वाचता येईल अशी तिकिटं जमवायची आणि प्रत्येक तिकीट मूळ शीटमध्ये कुठे होतं ते लिहायचं. वरवर सोपं वाटतं. पण या तिकिटांबद्दल लिहिलेलं बहुतेक सगळं ‘ही घेऊ नका’ इथेच संपतं, त्यामुळे सुरुवातीला फार चाचपडायला होतं. म्हणून हा सगळा क्रम, खर्च आणि वाट पाहण्यासकट.

आधी सरळ कड येते कुठून ते पाहू. १८९४ साली अमेरिकेच्या सरकारी छापखान्याने, म्हणजे ब्यूरो ऑफ एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंगने, तिकिटांची छपाई खासगी कंपनीकडून स्वतःकडे घेतली. नेहमीच्या तिकिटांची प्लेट ४०० तिकिटांची असे, २० ओळी गुणिले २० रांगा. शीटच्या बरोबर मध्यावर एक उभी आणि एक आडवी मार्गरेषा छापलेली असे. छपाई, गोंद आणि दाते झाले की त्या रेषांवरून शीट कापून १०० तिकिटांची चार पानं करत आणि तीच पोस्टाच्या खिडकीवर जात. मार्गरेषेवर दाते पाडतच नसत, तिथे थेट सुरी चाले. म्हणून प्रत्येक पानाच्या दोन लगतच्या बाजू सपाट राहिल्या.

१०० तिकिटांच्या पानात सरळ कडेची तिकिटं १९ येतात. त्यातलं कोपऱ्यातलं एक दोन्हीकडून सपाट, उरलेली १८ एकाच बाजूने. अख्ख्या शीटमध्ये ७६. त्यांची वाटणीही ठरलेली: फक्त उजवी बाजू सपाट असलेली १८, फक्त डावी १८, फक्त वरची १८, फक्त खालची १८ आणि दोन बाजूंची ४. कोपऱ्याचं तिकीट आपलं पान स्वतःच सांगतं. उजवी आणि खालची बाजू सपाट असेल तर ते वरच्या डाव्या पानाचं, डावी आणि खालची असेल तर वरच्या उजव्या पानाचं. उजवी आणि वरची म्हणजे खालचं डावं पान, डावी आणि वरची म्हणजे खालचं उजवं. एका बाजूचं तिकीट एवढं बोलत नाही. उजवी कड सपाट असेल तर ते डावीकडच्या दोनपैकी कुठल्यातरी पानाचं, एवढंच कळतं. अशा आठ जागा होतात, आणि त्या आठही भरायच्या हे माझं गणित होतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयाने प्लेटच्या प्रमाणित नमुना-छापांची चित्रं ऑनलाइन ठेवली आहेत. मार्गरेषा आणि त्यांच्या टोकाचे बाण त्यात स्पष्ट दिसतात. खरेदी करण्याआधी ती एक संध्याकाळ बघावीत, पुढचे कितीतरी प्रश्न तिथेच सुटतात.

अल्बमवाल्यांना चारही बाजूंना दाते हवे असत, त्यामुळे दर पानातली १९ तिकिटं पहिल्यापासून नावडती. कॅटलॉगमधली, म्हणजे तिकिटांच्या क्रमांक-किंमत सूचीतली, किंमत चारही बाजूंनी दाते असलेल्या तिकिटाची असते, सरळ कडेचं तिकीट त्याच्या किरकोळ अंशात मिळतं. संग्राहकाला याचा फायदा आहे आणि तोटाही. तोटा असा की यातली बरीच तिकिटं नंतर कुणीतरी दाते पाडून ‘सुधारली’ आहेत. त्याकडे पुढे येतोच.

फेब्रुवारीत खरेदी. एकेक तिकीट निवडून घेण्यापेक्षा मिश्र गठ्ठा परवडतो. कागदावर चिकटलेल्या, लिफाफ्यातून कापलेल्या सुमारे पाव किलो तिकिटांना मी ८५ डॉलर दिले. विक्रेत्याला आधी तीन गोष्टी विचाराव्यात: तिकिटं कागदावर आहेत की सुटी, कोणत्या दशकातली आणि त्यातून कुणी निवडून काढलेली आहेत का. निवडून झालेल्या गठ्ठ्यात शिक्के गेलेले असतात, पण सरळ कडा मात्र राहिलेल्या असतात. कारण निवडणाऱ्याने त्या बाजूला टाकलेल्या असतात, आणि हेच आपल्या पथ्यावर पडतं. सुटी तिकिटं स्वस्त मिळतात, तरी शिक्क्यांची आवड असेल तर कागदावरचीच घ्यावीत.

भारतात मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. पाकिटावरच्या सीएन २२ या सीमाशुल्क पट्टीवर विक्रेत्याने ‘वापरलेली टपाल तिकिटं, संग्रहासाठी’ असं स्पष्ट लिहावं आणि ९७०४ हा सीमाशुल्क वर्गवारीतला शीर्षक क्रमांक टाकावा, टपाल तिकिटं त्याच शीर्षकाखाली येतात. ‘गिफ्ट’ किंवा ‘कागदपत्रं’ असं लिहायला सांगू नका. पाकीट उघडलं गेलं तर मग बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि ओळखपत्र मागणारं पत्र येतं आणि काम आठवडे लांबतं. बिलाची प्रत आत घालायला सांगितलेली केव्हाही बरी.

अवजारांवर साठेक डॉलर गेले: टोकाला चपटा चिमटा, दहापट भिंग, पारदर्शक दातेमापी, वॉटरमार्क (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली फिकी अक्षरं) पाहायचा द्रव आणि काळा ट्रे, मिलिमीटरची पट्टी आणि ग्लासिन कागदाची पाकिटं. दातेमापी पारदर्शकच घ्यावी. पुठ्ठ्याच्या मापीवर तिकीट ठेवून पाहता येतं, पण लिफाफ्यावर चिकटलेल्या तिकिटावर ती चालत नाही.

मार्चभर भिजवणं. पण सगळं भिजवायचं नाही. आधी कोरड्यानेच तीन ढीग करायचे. ज्याच्या कागदावर शिक्क्याचा गोल किंवा पट्ट्या तिकिटाबाहेर चालू राहिल्या आहेत ते तुकडे तसेच ठेवायचे, चहूबाजूंनी सेंटिमीटरभर कागद राखून. शिक्का कागदावरून तिकिटावर सलग गेलेला असेल तर तोच त्या वापराचा पुरावा. लाल, जांभळ्या किंवा गडद रंगीत लिफाफ्याचे तुकडे वेगळे, कारण त्यांचा रंग पाण्यात उतरून सगळ्या तिकिटांना लागतो. जांभळ्या आणि किरमिजी शाईचे शिक्के असलेले तुकडे मी या ढिगात टाकले, कारण त्यातली काही शाई पाण्यात पसरते. उरलेलं कोमट पाण्यात, एका वेळी मूठभर, वीस-पंचवीस मिनिटं. तिकीट आपणहून सुटलं नाही तर पाणी बदलून परत थांबायचं. ओढायचं नाही, ओढलं की मागचा थर निघतो आणि कागद तिथे पातळ होतो. सुटलेलं तिकीट स्वच्छ पाण्यातून एकदा काढून, छापील बाजू खाली ठेवून टिपकागदावर वाळवायचं. अर्धवट वाळल्यावर जड पुस्तकात दाबलं की सरळ होतं. भिजलेल्या तिकिटाची सरळ कड बोटाने दाबू नका, ओला कागद दबून कडेला लाटेसारखी सुरकुती येते आणि नंतर ती कड कापलेली वाटते.

एप्रिलमध्ये ओळख पटवणं. वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन यांची १९०८ नंतरची तिकिटं चित्राने जवळजवळ सारखी, फरक दाते आणि वॉटरमार्क यांत. क्रम असा: १९१४ पर्यंत दाते १२, म्हणजे २ सेंटिमीटरमध्ये १२ छिद्रं. १९१४ पासून १०. १९१७ पासून ११. बारा दाते असलेली पानं फार सहज फाटत, दहाची फाटता फाटत नसत, अकरावर येऊन तडजोड झाली. वॉटरमार्क यूएसपीएस या अक्षरांचा: १८९५ पासून दुहेरी रेषेची मोठी अक्षरं, १९१० पासून एकेरी रेषेची लहान, १९१६ पासून काहीच नाही. मूल्यांचंही एक चटकन लक्षात राहणारं सूत्र आहे. १ आणि २ सेंटवर १९०८ मध्ये मूल्य शब्दांत आहे, १९१२ पासून आकड्यात. १९१२ च्या मांडणीत ७ सेंटपर्यंत वॉशिंग्टन आणि ८ पासून पुढे फ्रँकलिन.

सरळ कड दातेमापीच्या आड येत नाही, उरलेल्या बाजू पुरतात. मात्र उभ्या आणि आडव्या, दोन्ही बाजू मोजाव्यात. वॉटरमार्कला जास्त चिकाटी लागते. तिकीट उलटं काळ्या ट्रेवर ठेवून द्रवाचे चार थेंब टाकले की क्षणभर अक्षराची कड दिसते. एकेरी रेषेचा वॉटरमार्क फार फिका असतो, आणि एकट्या तिकिटावर कधी एस अक्षराचा जेमतेम कोपरा येतो. दिसला नाही म्हणजे नाहीच, असं लगेच ठरवू नये. द्रव सुकत असताना, शेवटच्या दोन-तीन सेकंदांत तो जास्त स्पष्ट होतो. खिडकी उघडी ठेवा, आणि लायटरचं इंधन वापरत असाल तर जवळपास आग नको.

आता खरा प्रश्न: ही सरळ कड पानाची, पुस्तिकेची, गुंडाळीची, की कात्रीची?

पुस्तिका, म्हणजे तिकिटांच्या छोट्या शिवलेल्या वह्या, १९०० साली सुरू झाल्या. त्यांचं पान सहा तिकिटांचं, दोन रांगा आणि तीन ओळी. वर शिवणीची पट्टी, दोन्ही बाजू आणि तळ सपाट. म्हणजे पुस्तिकेतल्या प्रत्येक तिकिटाला डावी किंवा उजवी कड सपाट असते आणि शेवटच्या ओळीतल्या दोघांना खालचीही. त्यामुळे २ सेंटच्या लाल तिकिटाला उजवी आणि खालची बाजू सपाट असेल, तर ते वरच्या डाव्या पानाच्या कोपऱ्याचं असू शकतं, पुस्तिकेच्या तळाचंही असू शकतं. सुट्या तिकिटावरून यातलं काय ते बहुधा ठरत नाही आणि मी अशा तिकिटांखाली ‘पान किंवा पुस्तिका’ असंच लिहिलं. पण या काळात पुस्तिका १ आणि २ सेंटच्याच होत्या, १९१७ पासून ३ सेंटच्याही. म्हणून ४, ५, ६, ८, १० सेंटच्या तिकिटाला दोन लगतच्या कडा सपाट असतील तर ते पानाच्या कोपऱ्याचंच, आणि वरची कड सपाट असेल तर मूल्य कोणतंही असो, पुस्तिका बाद. कोपऱ्याच्या चारही जागा मी ५ सेंटच्या निळ्यातून भरायच्या ठरवल्या त्या याचसाठी.

गुंडाळीच्या, म्हणजे लांब पट्टी गुंडाळून विकलेल्या कॉइल तिकिटांच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट असतात. पानात किंवा पुस्तिकेत असं होत नाही. त्यामुळे समोरासमोर सपाट दिसलं की दोनच शक्यता उरतात: खरं कॉइल, किंवा कुणीतरी दाते कापलेलं साधं तिकीट. १९१४ पासून कॉइल रोटरी, म्हणजे वाकवलेली प्लेट गोल फिरवणाऱ्या, यंत्रावर छापू लागले. प्लेट वाकवल्यामुळे चित्र त्या दिशेला थोडं ताणलं जातं. सपाट प्लेटचं चित्र साधारण १८.५ ते १९ मिलिमीटर रुंद आणि २२ उंच, रोटरीचं कधी २२.५ उंच तर कधी १९.५ ते २० रुंद. अर्धा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक, पण चांगल्या पट्टीवर सहज दिसतो. पुढे रोटरीवर छापलेल्या ४०० च्या शीटांत मध्ये मोकळी पट्टी सोडून तिथेही दाते पाडले, त्यामुळे त्या तिकिटांना सरळ कड नाही. सरळ कड दिसली, दाते ११ गुणिले १०.५ मोजले गेले आणि तिकीट पुस्तिकेचं नसेल, तर काहीतरी गडबड आहे असं धरूनच पुढे जावं.

कात्रीची कड ओळखायला मी चार गोष्टी पाहिल्या. पहिली रुंदी. अस्सल सरळ कडेचं तिकीट दातेवाल्या शेजाऱ्याइतकं किंवा जरा जास्तच रुंद असतं, कापलेलं अरुंद. दुसरी, कड चित्राच्या चौकटीला समांतर आहे का, छापखान्याच्या सुरीने झालेली वाट सहसा सरळ जाते. तिसरी, भिंगातून कडेवर छिद्रांच्या तळाच्या अर्धवट खळग्या दिसतात का. चौथी आणि सगळ्यात भक्कम: कडेला मार्गरेषेची बारीक रंगीत रेघ उरली आहे का. सुरी रेषेच्या थोडी इकडे-तिकडे गेली की ती एका बाजूच्या तिकिटावर राहते. अशी रेघ असलेलं तिकीट दिसलं तर शिक्का बरा नसला तरी घ्यावं, शंकेला जागाच राहत नाही.

उलटी लबाडी जास्त त्रास देते: सरळ कडेला नंतर दाते पाडलेलं तिकीट. ओळखायला वेळ द्यावा लागतो. मूळ दाते पानातून तिकीट फाडताना तुटतात, म्हणून टोकांना कागदाचे तंतू असतात. नंतर पाडलेल्या दात्यांची टोकं पुष्कळदा एकसारखी, कापल्यासारखी बोथट दिसतात. शंकेची बाजू त्याच तिकिटाच्या समोरच्या मूळ बाजूशी आणि दुसऱ्या अस्सल तिकिटाशी जुळवून पाहावी: छिद्रांचं अंतर आणि व्यास दोन्ही जुळायला हवेत. पुष्कळदा अंतर जुळतं पण छिद्र किंचित लहान असतं. दात्यांची ओळ कडेला एका टोकाला आत शिरते का हेही पाहावं. आणि शिक्का असेल तर तो साक्षीदार आहे. शाईची पट्टी छिद्रातून जाते तिथे मूळ दात्याच्या कडेवर शाई जराशी मुरलेली दिसते, तर नंतर पाडलेल्या छिद्राच्या आतली कड पांढरी राहते आणि शाई सुरीने कापल्यासारखी तुटते. याच एका कारणासाठी, महागाचं वापरलेलं तिकीट घ्यायचंच असेल तर शिक्का कडेपर्यंत गेलेलं घ्यावं असं मला वाटतं.

सरळ कड आणि शिक्का एकमेकांना कसे धरून असतात याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९११ चं ३ सेंटचं ऑरेंजबर्ग कॉइल. एका औषध कंपनीने न्यू यॉर्क राज्यातल्या ऑरेंजबर्ग गावाहून डॉक्टरांना औषधांचे नमुने पाठवण्यासाठी ही गुंडाळी वापरली आणि पाकिटं त्या गावच्या शिक्का-यंत्रातून गेली. वापरलेलं अस्सल तिकीट ओळखताना ऑरेंजबर्गचा शिक्का म्हणूनच पहिली कसोटी ठरतो. त्याच ३ सेंटच्या बारा दात्यांच्या साध्या तिकिटाच्या दोन बाजू कापून केलेल्या नकला मात्र ढिगाने. माझ्या आवाक्यातली ही गोष्ट नाही, पण ‘समोरासमोर सपाट, ३ सेंट, जांभळा’ असा तुकडा गठ्ठ्यात दिसला की हात का आखडता घ्यावा ते यातून कळतं.

मे ते जुलै शिक्के. यात खरी गोडी आहे, आणि वेळही इथेच जातो.

पहिली अडचण आकाराची. तिकीट १९ गुणिले २२ मिलिमीटरचं आणि तारखेचा गोल जवळपास तेवढाच. शिवाय त्या काळचे जोड-शिक्के असे बनवलेले की डावीकडचा गोल लिफाफ्यावर पडावा आणि उजवीकडच्या पट्ट्या तिकिटावर. म्हणून सुट्या तिकिटांवर पट्ट्याच पट्ट्या मिळतात, गाव आणि तारीख फार कमी. गोल मधोमध पडलेला असेल तर पाकिटावर दोन तिकिटं शेजारी होती आणि हे डावीकडचं होतं, अशी शक्यता मोठी.

पट्ट्याही वाचता येतात. लहरी सात रेषा म्हणजे युनिव्हर्सल कंपनीचं शिक्का मारायचं यंत्र. फडकता ध्वज म्हणजे बोस्टनच्या अमेरिकन पोस्टल मशिन्स कंपनीची यंत्रं, १८९४ पासूनची. सुट्या तिकिटावर ध्वजाचा काठीकडचा भाग आला तर ताऱ्यांचा चौकोन दिसतो, टोकाकडचा आला तर नुसत्या वाकड्या रेघा, आणि तो इतर यंत्रांशी गल्लत करतो. हातशिक्क्यात अंडाकृती पट्ट्या आणि मध्ये आकडा असेल तर तो शहरातल्या शाखेचा किंवा कारकुनाचा. खेड्यांच्या लहान कार्यालयांना १९०३ ते १९०६ दरम्यान दिलेल्या शिक्क्यांना डोअन शिक्के म्हणतात. त्यांच्या पट्ट्यांतला आकडा त्या कार्यालयाच्या कमाईच्या पायरीनुसार असे, त्यामुळे लहान आकडा म्हणजे लहान गाव. १९०६ पासून त्यांची जागा चार पट्ट्यांच्या साध्या शिक्क्याने घेतली.

माझा सगळ्यात आवडता प्रकार आगगाडीचा. रेल्वे टपाल डब्यात चालत्या गाडीत पत्रं निवडत आणि शिक्काही तिथेच मारत. गोलात दोन टोकांच्या गावांची नावं, आरपीओ (रेल्वे पोस्ट ऑफिस) ही अक्षरं, गाडीचा क्रमांक आणि शेजारच्या अंडाकृतीत आरएमएस (रेल्वे मेल सर्व्हिस). तिकिटावर गोल अर्धा जरी आला तरी आरपीओ आणि एका गावाची तीन-चार अक्षरं पुरतात, मार्गांच्या छापील याद्या आहेत आणि त्यात शोधता येतं. पेन्सिल्व्हेनियातल्या बेलफाँटला अमेरिकन फिलाटेलिक रिसर्च लायब्ररी आहे, तिथे या याद्या बघायला मिळतात. सदस्यांना पुस्तकं टपालानेही मिळतात. शेवटचा असा डबा १९७७ साली बंद झाला.

कोणत्या मूल्यावर कोणता शिक्का शोधायचा हे दर माहीत असले की सोपं होतं. नोंदणी शुल्क १८९३ पासून ८ सेंट होतं आणि १ नोव्हेंबर १९०९ पासून १० सेंट झालं. म्हणून ८ सेंटवर आधी आणि १० सेंटवर नंतर नोंदणीचे दुहेरी अंडाकृती शिक्के पुष्कळ, कधी जांभळ्या शाईत. ५ सेंट निळा परदेशी पत्राचा दर, त्यामुळे त्यावर बंदरांच्या मोठ्या शहरांचे शिक्के. ३ सेंट जांभळा २ नोव्हेंबर १९१७ ते ३० जून १९१९ या युद्धकाळात साध्या पत्राचा दर होता, त्या वीस महिन्यांच्या तारखा त्यावर भरपूर, आणि नशीब असेल तर फ्रान्समधल्या अमेरिकन फौजेच्या टपालाचा शिक्काही. नौदलाच्या जहाजांवर १९०८ पासून टपालघरं झाली, जहाजाच्या नावाचा गोल २ सेंटवर सापडू शकतो. १९१३ साली पार्सल टपाल सुरू झाल्यावर मोठ्या मूल्यांची तिकिटं जाडजूड शाईने बरबटली. सरळ कडेची १५ सेंटच्या वरची तिकिटं वाचनीय शिक्क्यासह मिळणं म्हणूनच जिकिरीचं.

आधीच रद्द केलेली, म्हणजे दोन रेघांत शहर-राज्याचं नाव छापलेली तिकिटं वेगळ्या पाकिटात ठेवा. व्यापारी ती पानंच्या पानं घेत, त्यामुळे सरळ कडा त्यात भरपूर. तारीख मात्र सहसा नाही, गाव आहे.

शिक्क्याची तारीख आणि दाते यांचा मेळ घालून पाहणं ही रोजची सवय करावी. दाते ११ आणि साल १९१३ वाचलं, तर आपण आकडा चुकीचा वाचलाय, किंवा दाते कुणीतरी नंतर पाडलेत. बहुतेक वेळा ३ आणि ८ यांची गल्लत निघते. भिंग आणि तिरपा उजेड एवढं पुरतं. संगणकात स्कॅन करून तिकिटाचा रंग वजा केला तर काळी शाई आणखी उठून दिसते. लाल तिकिटावर हे छान जमतं, जांभळ्यावर कमी, काळ्या-करड्यावर नाहीच.

ऑगस्टमध्ये निवडक तिकिटं तज्ज्ञ संस्थेकडे पाठवली. सगळी पाठवायची गरज नाही, प्रमाणपत्राचा खर्च तिकिटापेक्षा जास्त होतो. मी दोन प्रकारची निवडली: किंमत जास्त असलेली, आणि दाते खरे की नंतरचे हे माझ्याने ठरेना अशी. अर्जात देश, कॅटलॉग क्रमांक, मालकाचं स्वतःचं मत, कॅटलॉगची किंमत आणि परतीच्या टपालाचा पर्याय भरायचा असतो. ‘स्वतःचं मत’ हा रकाना रिकामा सोडू नका. ‘उजवी कड मूळ सरळ, शिक्का अस्सल, असं वाटतं’ असं लिहिलं की तपासणारा नेमका तोच प्रश्न तपासतो. नाहीतर तो फक्त क्रमांक पडताळतो आणि सरळ कडेबद्दल प्रमाणपत्रात एका शब्दापलीकडे काही येत नाही. प्रत्येक तिकीट वेगळ्या पारदर्शक पाकिटात, बिजागरी-कागद (तिकीट पानावर चिकटवायचा गोंदाचा लहान तुकडा) न लावता. अर्जाच्या दोन प्रती आणि आपल्याकडे पुढून-मागून स्कॅन.

टपाल नोंदणीचं. इथे एक नियम पुष्कळांना परत पाठवतो: अमेरिकन नोंदणी टपालाला प्लास्टिकची चकचकीत चिकटपट्टी चालत नाही. पाकिटाच्या सगळ्या सांध्यांवर खिडकीवरचा माणूस शिक्के मारतो, आणि शाई प्लास्टिकवर धरत नाही. पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी पट्टी घरूनच लावून न्यावी. मूल्य पूर्ण लिहावं लागतं, भरपाई त्याच मूल्यावर ठरते आणि कमाल मर्यादा ५०,००० डॉलर. माझा जाण्याचा टपालखर्च वीस-बावीस डॉलर झाला आणि तपासणी दर तिकिटामागे तीसच्या आसपास. नोंदणीचं पाकीट हातोहात सही होत जातं, म्हणून ते हळू जातं. मागोव्यात चार दिवस काही हललं नाही तरी घाबरू नये.

वाट पाहणं दोन महिन्यांच्या वर गेलं. या काळात विचारणा करून काही हाती लागत नाही. निकाल चार तऱ्हेचे येतात: अस्सल, फेरफार केलेलं (कोणती बाजू तेही लिहितात), वेगळा कॅटलॉग क्रमांक, आणि ‘मत देता येत नाही’. शेवटचं आलं तर वाईट वाटतं, पण त्यात तिकीट खोटं ठरत नाही, फक्त पुरावा अपुरा ठरतो. माझ्या १० सेंटच्या एकावर ‘उजवीकडे नंतर दाते पाडलेले’ असं आलं. मला शंका होती तीच बाजू. ते मी फेकलं नाही, तुलनेसाठी अवजारांच्या पेटीत ठेवलं. खात्रीचं खोटं तिकीट हाताशी असलं की पुढची शंका झटकन मिटते.

नोव्हेंबरात मांडणी. बिजागरी-कागद न वापरता काळ्या पाठीचे माउंट, म्हणजे तिकीट सरकवायचे पारदर्शक खिसे, घेतले. काळ्यावर सरळ कड ठळक दिसते, पांढऱ्यावर ती पानात हरवते. माउंट तिकिटापेक्षा दोन मिलिमीटर मोठा कापावा, सरळ कडेकडे जागा जास्त सोडावी. घट्ट माउंटमध्ये तीच कड आधी दुमडते. प्लास्टिकची पानं पीव्हीसीची नकोत, काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. प्रत्येक तिकिटाखाली मी एवढंच लिहितो: मूल्य, दाते, वॉटरमार्क, कोणती कड, त्यावरून निघणारं पान, शिक्क्याचा प्रकार, वाचलेलं गाव आणि तारीख, आणि यातलं काय अनुमान आहे. अनुमानाखाली पेन्सिलने रेघ. अर्धवट वाचलेलं गाव कंसात लिहावं, म्हणजे कुणी पूर्ण छाप दाखवली तर दुरुस्ती सोपी जाते.

आठपैकी सात जागा भरल्या. खालच्या उजव्या पानाचा कोपरा, म्हणजे डावी आणि वरची कड सपाट असलेला ५ सेंट निळा, शिक्क्यासह अजून मिळायचा आहे. शोधताना विक्रेत्याकडे ‘कोपरा’ मागू नका, तो चौकटीचा पांढरा समास असलेला बाहेरचा कोपरा दाखवतो. ‘दोन लगतच्या बाजू सपाट, वरची आणि डावी’ असं लिहून पाठवा आणि मागच्या बाजूचाही फोटो मागा.